माळढोकाचीं तीन बोटें



चित्रांविषयीं नभोवाणीवर बोलणें हा जरा विपरीत उद्योग आहे. मला चित्र दाखवितां येत नाहीं आणि आपणांस तें पाहतां येत नाहीं. तेव्हां मी सांगेन तें आपण मनाच्या पाटीवर काढून घ्यावें, अशी एका जुन्या शिक्षकाची विनंती आहे.

प्रथम एक फांदी काढा. तिच्यावर पोपट बसवा. शेजारीं एक पिकलेला पेरू काढा. झालें चित्र! हें चित्र आपल्यापैकीं प्रत्येकानें शाळेंत काढलेलें आहे, आणि तें काढतांना आपल्यापैकीं बहुतेकांनीं पोपटाकडे एकदांही पाहिलेलें नाहीं. फळ्यावरचा पोपट पाहून वहींतला पोपट निघतो. तो फळ्यावरचा पोपट गुरुजींनीं त्यांच्या गुरुजींच्या फळ्यावरून घेतलेला असतो. मी स्वतः पस्तीस वर्षें असेच पोपट मुलांकडून काढून घेतले, आणि एलिमेंटरी परीक्षेस बसणाऱ्या मुलांचे तर कितीएक तपासले. म्हणून हा दोष मी इतरांवर ढकलीत नाहीं.

माझे डोळे उघडले ते एका माणसामुळें. माझें गांव सोनई, तालुका नेवासें. नोकरीच्या आरंभीं मी एका वाडीवरच्या शाळेंत होतों. शाळेची एक भिंत नवीनच गिलावा करून पांढरी केली होती. तिच्यावर मीं हौसेनें ‘आपले पक्षी’ असें शीर्षक घालून मोर, टिटवी, पोपट आणि माळढोक असे चार पक्षी रंगविले. माळढोक मीं लहानपणीं एकदांच, तोही फार दुरून, पाहिला होता. त्याला मीं बाभळीच्या फांदीवर ऐटींत बसविलें आणि खालीं कोपऱ्यांत स्वतःचें नांवही घातलें. दुसऱ्या दिवशीं नातवाला पोंचविण्यासाठीं एक वृद्ध धनगर आले. घोंगडी सांवरीत ते भिंतीपुढें बराच वेळ उभे राहिले व मग हंसूं लागले.

“गुरुजी, चितार झ्याक काढलंय. पर ह्यो फांदीवर चढला कसा?”

“कां बाबा?” मीं विचारलें.

“आवो, ह्याला मागलं बोटच न्हाई. फांदी धरील कशानं?”

असें म्हणून ते खालीं बसले आणि ओल्या मातींत त्यांनीं तीन बोटें दाबून उठविलीं. तिन्ही पुढें, मागें कांहीं नाहीं. “ह्यो असा पाय,” ते म्हणाले.

बाबांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चिमणी, कावळा, मैना या पक्ष्यांस पुढें तीन व मागें एक बोट असतें; त्या मागच्या बोटानें फांदीला विळखा पडतो. पोपट आणि सुतार यांस दोन पुढें व दोन मागें असतात. माळढोक हा उघड्या माळावर चालणारा व धांवणारा पक्षी. उंचीला तीन-साडेतीन फूट; नर दहा-बारा किलोंपर्यंतही भरतो. त्याला झाडावर बसावयाचेंच नाहीं, म्हणून मागचें बोट नाहीं. म्हणजे एका बोटाच्या अभावांत त्या पक्ष्याची सारी राहणी सांठविलेली आहे, आणि मीं तें बोट पदरचें घालून ती सारी खोटी केली होती.

त्या दिवसापासून पक्ष्यांच्या चित्रांकडे मी वेगळ्या नजरेनें पाहूं लागलों. चित्र सुंदर आहे कीं नाहीं हें मागाहून. हें चित्र काढणाऱ्यानें पाहिलें काय, कोणासाठीं पाहिलें, आणि जें पाहिलें तें त्याला कोणीं दाखविलें, हे प्रश्न आधीं.

पाहून चित्र काढण्याची प्रथा आपल्या देशांत इंग्रजांनीं आणली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. आपला पणजा बाबर यानें पशुपक्ष्यांचीं वर्णनें लिहिलीं, पण चित्रकारांस त्यांचीं चित्रें काढावयास सांगितलें नाहीं. मीं मात्र वर्णनाबरोबर चित्रही काढविलें, असा त्याचा अभिमान आहे. इ. स. १६१२ मध्यें गोव्याहून त्याच्या दरबारीं कांहीं विलक्षण पशुपक्षी आले. त्यांत एक टर्की कोंबडा होता. हा अमेरिकेचा पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला असावा. उस्ताद मन्सूर यानें त्याचें जें चित्र काढलें त्यांत गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवरची प्रत्येक सुरकुती दिसते. मन्सूरला बादशहानें ‘नादिर-उल्-अस्र’, म्हणजे आपल्या काळांतील अद्वितीय पुरुष, असा किताब दिला होता. चित्रकाराचें नांव राहिलें, कारण धन्यानें तें राहूं दिलें.

मराठ्यांच्या राज्यांतही असा एक पुरुष होऊन गेला. पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यांत वाघ, सिंह, गेंडा अशीं जनावरें बाळगलेलीं होतीं. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट याच्या आश्रयास गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा चित्रकार होता. त्यानें नोव्हेंबर १७९० मध्यें काढलेलें पेशव्यांच्या गेंड्याचें चित्र आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहांत आहे. वेरूळच्या लेण्यांचींही चित्रें त्यानें काढलीं. हा तांबट आडनांवाचा गृहस्थ. म्हणजे घराण्याचा धंदा तांब्याची भांडीं ठोकण्याचा असावा. आणि योगायोग असा कीं, उन्हाळ्याच्या भर दुपारीं वडापिंपळांवर टुक् टुक् असा ठोका लावणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबटच म्हणतों!

याच सुमारास दूर दक्षिणेंत, तंजावरच्या मराठी गादीवर सरफोजीराजे (१७७७–१८३२) होते. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखालीं शिकलेला हा राजा मोठा विद्याव्यासंगी. त्याच्या वैद्यशाळेंत डोळ्यांच्या रोग्यांच्या हकीकतीबरोबर रोगट डोळ्यांचीं रंगीत चित्रेंही काढून ठेवीत. पशुपक्ष्यांचीं चित्रें त्यानें आपल्या चित्रकारांकडून करवून घेतलीं, आणि त्यांचा एक संग्रह पूर्वीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास विलायतेस धाडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. राज्याचा कारभार कंपनीनें हातीं घेतला होता. परंतु शास्त्राच्या व्यवहारांत हा मराठी राजा कोणाचा अंकित नव्हता. चित्र पाठविणारा तो होता व स्वीकारणारा साहेब होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कंपनीच्या अंमलांत हा व्यवहार पालटला. कलकत्त्यास सरन्यायाधीश इंपे यांच्या पत्नीनें १७७७ ते १७८२ या काळांत पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून तीनशेंहून अधिक चित्रें काढविलीं. त्यांचीं नांवें शेख झैनुद्दीन, भवानी दास व राम दास. हीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत तीं चित्रांवर फारसी अक्षरांत लिहून ठेवलीं म्हणून. पुढें अशा चित्रांवर बहुधा एवढेंच लिहिलेलें सांपडतें, कीं एतद्देशीय चित्रकाराकडून काढविलें.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. इ. स. १८२४ मध्यें मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक पाहणी करण्यास नेमिलें. पुणें, अहमदनगर, खानदेश, धारवाड हे त्याचे जिल्हे. सहा-सात वर्षें तो हिंडत राहिला. लोकसंख्या, पिकें, भाव यांबरोबर त्यानें पक्षी व मासेही टिपले, आणि १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढें दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेविली. त्या यादींत अनेक पक्ष्यांची मराठी नांवें त्यानें रोमन लिपींत टिपून घेतलीं आहेत. नव्या पक्ष्यांस शास्त्रीय नांवें देतांनाही त्यानें गंमत केली आहे. आपल्या माळावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाचें नांव ‘देवा’, एका वटवट्याचें ‘रामा’, आणि एका रातव्याचें ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या देशचा. हीं नांवें आजही साऱ्या जगांत चालतात.

साहेबास हीं मराठी नांवें कोणीं सांगितलीं? पक्षी कोणीं दाखविले, कोणीं धरून आणले? येथें मला आमच्या बाजूच्या फांसेपारध्यांची आठवण होते. घोड्याच्या केंसांचे फांसे लावून तितर-लावे धरण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाहीं; आवाज काढून तितराला जवळ बोलावणें हें त्यांच्या मुलांनाही येतें. अशाच लोकांचें ज्ञान साहेबलोकांच्या वह्यांत उतरलें असलें पाहिजे. ज्यांनीं तें दिलें त्यांच्यावर पुढें सरकारनें गुन्हेगार जमात असा शिक्का मारला. तो कायदा स्वतंत्र हिंदुस्थानांत १९५२ सालीं रद्द झाला, तरी तो शिक्का लोकांच्या मनांतून अद्यापि पुरता पुसलेला नाहीं.

तें असो. त्या काळीं पक्ष्याचें चित्र तयार होई तें कसें, हें जाणल्याशिवाय त्यांतील चुका समजत नाहींत. म्हणून थोडें कृतीविषयीं सांगतों. पक्षी बंदुकीनें मारीत. कातडी पिसांसकट सोलून तिला आंतून सोमल घातलेला साबण लावीत, म्हणजे कीड लागत नसे. मग कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधीत. पिसांचे रंग वर्षानुवर्षें टिकतात. परंतु डोळ्याचा, चोंचीचा आणि पायांचा रंग लवकरच उडून जातो, आणि बसण्या-उठण्याची ढब तर जीव जातो त्या क्षणींच नाहींशी होते. म्हणून आपल्या इकडच्या चित्रकाराचें मोल मोठें होतें. तो जागेवर असे. त्याला ताजा किंवा जिवंत पक्षी समोर मिळे. खारीच्या शेपटीच्या केंसांचा कुंचला, हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, नीळ, काजळ, आणि बांधणीस गोंद, हें त्याचें साहित्य. पिसाचा एक एक तंतू ओढण्याची संवय त्याच्या घराण्यांत पिढीजात असे. शिशाचा सफेदा वापरला असेल तेथें मात्र पांढरा पक्षी कालांतरानें काळवंडतो. जुन्या संग्रहांत असे काळे पडलेले बगळे आढळतात.

विलायतेंत याच्या उलट. तेथें कातडीची पेटी पोंचे. चित्रकार तींतील कातड्यावरून पक्षी उभा करी, आणि तें चित्र शिळाछापाच्या दगडावर उतरवीत. आपल्याकडे पोथ्या व पंचांगें ज्या रीतीनें छापीत तीच ही रीत. चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, फरशी ओली करावयाची व वर शाई फिरवावयाची. ओल्या जागेवर शाई बसत नाहीं, तेलकट रेघेवर बसते. मग दाबून कागदावर ठसा घ्यावयाचा. ठसा काळाच निघे. त्यावरचे रंग मजुरीनें लावलेल्या माणसांकडून एक एक प्रत हातानें भरून घेत.

याच पद्धतीनें आमच्या माळढोकाचें एक नामांकित चित्र निघालें. इ. स. १८३१ मध्यें व्हिगर्स यानें या पक्ष्याला शास्त्रीय नांव दिलें: निग्रिसेप्स, म्हणजे काळ्या डोक्याचा. जॉन गूल्ड याच्या हिमालयांतील पक्ष्यांवरील ८० चित्रांच्या ग्रंथांत त्याचें चित्र आलें. दगडावर तें उतरविणारी गूल्डची पत्नी एलिझाबेथ. या बाईनें हिंदुस्थान कधींच पाहिला नाहीं. आणि पक्षी माळरानाचा, पण पुस्तक हिमालयाचें! आपण चुकलों याची मला लाज वाटते खरी, पण मोठ्या मोठ्यांच्या हातूनही असें होतें हें पाहून थोडा धीर येतो. बाई १८४१ सालीं अल्पवयांतच वारल्या. त्यांचें कर्तृत्व पुष्कळ वर्षें नवऱ्याच्या नांवाखालीं झांकलेलें राहिलें. म्हणजे अनामिक राहिलेले केवळ आपल्याकडचे चितारीच होते असें नव्हे.

त्या माळढोकाची आपल्या जिल्ह्यांतील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या इंग्रजानें १८०९ ते १८२९ या काळांत अहमदनगरच्या टापूंत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आढळते. एका माणसानें! माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. हिशेब आपणच करावा. एका माणसाला इतके पक्षी मारावयास मिळाले, यावरून आमच्या माळांवर त्या काळीं ते किती असतील याचा अंदाज येतो. बंदूक व कुंचला त्या काळीं एकाच पेटींतून प्रवास करीत असत. साइक्सच्या हातींही बंदूक होतीच. पण मारलेला पक्षी मोजून, मापून, लिहून ठेवणारा आणि मारून केवळ आंकडा वाढविणारा यांत मी भेद करतों. तो न करणें अन्यायाचें होईल.

मुंबईस १५ सप्टेंबर १८८३ रोजीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे साताऱ्यास जन्मलेले. याच संस्थेंत पुढें सलीम अली (१८९६–१९८७) तयार झाले, आणि १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक रंगीत चित्रांसह निघालें. माझ्या मतें या पुस्तकानें चित्राचा धनीच बदलला. तोंपर्यंत पक्ष्यांचीं चित्रें राजाच्या पोथीखान्यांत, साहेबाच्या दिवाणखान्यांत किंवा शंभर-दोनशें रुपयांच्या ग्रंथांत असत. आतां पुस्तक पिशवींत घालून कोणीही माळावर जावें, चित्र व पक्षी ताडून पाहावे, आणि बंदुकीवांचून घरीं यावें. दुर्बीण व चित्र मिळून बंदुकीची जागा घेतात, हें त्या पुस्तकानें सामान्य गृहस्थाला शिकविलें.

मराठींत मात्र नुसत्या चित्रानें भागत नाहीं. नांवाचाही घोळ असतो. एकाच पक्ष्याला दर वीस कोसांवर नवें नांव. मारुती चितमपल्ली यांनीं आपल्या पक्षिकोशांत तीं गोळा केलीं हें त्यांचें थोर काम. गेल्या २०२५ सालीं ते निवर्तले. आणि नभोवाणीवर बोलत आहे म्हणून आणखी एक नांव घेतों. पुणें केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम सांभाळणारे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) हे लेखक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, परंतु ते पाहून रेखाटणारे चित्रकारही होते. रानांत जातांना त्यांच्याजवळ वही असे. लेखकाच्या वाक्यांत जो नेमकेपणा दिसतो त्यांतला कांहीं भाग त्या पेन्सिलीनें दिलेला असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

आतां आमच्या माळाचें काय झालें तें सांगतों. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून माळढोकासाठीं अभयारण्य जाहीर झालें. क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यांत आमच्या नेवासें तालुक्याचाही भाग होता. परंतु त्यांत शेतें, गांवें, रस्ते सगळेंच आलें. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें आलीं आणि लोक कावले. पुढें तें क्षेत्र घटवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें. मधल्या काळांत मुळेच्या कालव्याचें पाणी आलें, कुसळीचा माळ फुटून उंस उभा राहिला. त्या उंसानें आमच्या मुलांचीं शिक्षणें झालीं, हें मी विसरत नाहीं. पण माळ गेला आणि त्याबरोबर पक्षीही गेला. आज साऱ्या देशांत दीडशेंच्या आसपास माळढोक उरले आहेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूस. तेथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. आमच्या तालुक्यांतील मुलाला माळढोक पाहावयाचा तर तो चित्रांतच. म्हणून तीन बोटें काढलीं कीं चार, हा आतां केवळ ड्रॉइंगच्या गुणांचा प्रश्न राहिलेला नाहीं.

जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे आणि मीही सेवानिवृत्त झालों आहें. दर हिवाळ्यांत शेजारच्या चारपांच मुलांना घेऊन मी जायकवाडीच्या फुगवट्याच्या कांठीं जातों. नियम एकच: आधीं पाय पाहावयाचे. बदकाचे पडदे, बगळ्याचीं लांब बोटें, शेकाट्याचे तांबडे काडीसारखे पाय. चित्रें वेडींवांकडीं येतात, पण पाय बरोबर असतात.

त्या भिंतीवरचें चित्र मीं दुसऱ्याच दिवशीं खरवडून काढलें. बाबांना शेजारीं बसवून माळढोक पुनः रंगविला. या खेपेस जमिनीवर. त्यांनीं डोकें काळें करावयास लाविलें, मान आणखी ताठ करविली, छातीवर काळा पट्टा घालविला, आणि “पायाखाली कुसळ काढा, पवना काढा, नुसत्या चुन्यावं त्यो उभा ऱ्हाईल व्हय?” असें म्हणून दोन तऱ्हेचें गवत काढून घेतलें. ती भिंत पुढें नवी इमारत बांधतांना पाडण्यांत आली. ती पडेपर्यंत तिच्या खालच्या कोपऱ्यांत चित्रकार म्हणून एकट्या माझेंच नांव होतें.